शेवंताबाईच्या गुडघ्याएवढं पाणी

आमच्या फुलचूरच्या घरी नळ सकाळी सव्वासहाला येतो आणि सात वाजता जातो. तो आला की मी उठून अंगणात जातो, बादलीवर वाकून धार किती जाड आहे ते बघतो. सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही रिटायर झालात ना? आता नळ तरी माझ्यावर सोडा!" बरोबर आहे तिचं. पण ज्या माणसानं तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पाण्यावर पहारा केला, त्याला वाहत्या पाण्याचा आवाज आला की बसवत नाही. आंघोळ करत असलो तरी कान तिकडेच असतात.

सरकारी कागदावर मी आधी कालवा चौकीदार होतो, शेवटी शेवटी कालवा निरीक्षक झालो. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ज्या तीन-चार गावांत माझी हयात गेली, तिथं मला सगळे नहरबाबू म्हणत. आमच्याकडे कालव्याला नहरच म्हणतात. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असा निरोप आला तेव्हा मला हसू आलं. चौकीदारानं काय लिहायचं? गेट उघडलं, गेट बंद केलं. संपली नोकरी. मग दोन दिवस विचार केला आणि ध्यानात आलं, की हजार वेळा बंद केलेल्या गेटांपैकी एक गेट अजून माझ्या मनात नीट बंद झालेलं नाही. तेवढंच लिहितो.

आधी काम समजावून सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. आमचा तलाव जुना, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. एका बाजूला मातीची उंच पाळ, त्या पाळीत लोखंडी गेट, गेटातून निघणारी नहर, आणि नहरीच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. गेटाजवळचे शेतकरी ते हेडवाले, शेवटाकडचे ते टेलवाले. हेडवाल्यांना पाणी न मागता मिळतं आणि टेलवाल्यांना मागूनही मिळत नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकलो. गेट उघडायचं हँडल काढून घेता येतं. ते मी सायकलच्या, पुढं मोटरसायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेत असे. लग्नाला गेलो तरी हँडल सोबत. बायको म्हणायची, "एखाद्या दिवशी मला विसराल, पण त्या लोखंडाला नाही."

पाणी मागणारे खूप. उन्हाळी धानवाल्यांना शेतासाठी हवं. पाळीच्या पायथ्याशी ढिवरांचा टोला, म्हणजे मासोळी धरणाऱ्यांची वस्ती. त्यांना मासोळीसाठी तलावात हवं. टोल्याची आणि गावाच्या नळयोजनेची विहीर एकच, तीही पाळीखाली. तलावात पाणी तर विहिरीत पाणी. शिवाय गुरं, धुणं, आणि चिचगडकडून कळप घेऊन येणारे मेंढपाळ. सगळे मलाच विचारणार, "बाबू, आमचं काऊन नाई?" जणू पाणी माझ्या खिशातच आहे.

लबाड्यांचं तर विचारू नका. एका हेडवाल्याची म्हैस होती, भुरी म्हणून. त्याची पाण्याची पाळी संपली की ही म्हैस बरोब्बर त्याच्या शेताजवळ नहरीत बसायची. पाणी अडायचं आणि आपोआप त्याच्या बांधीत शिरायचं. मी ओरडलो की तो हात जोडायचा. "आता जनावर हाय बाबू, तिले कोन सांगन?" मी तीन दिवस लपून बघितलं. गडी रोज दुपारी तिला त्याच जागी भिजवलेली सरकीची ढेप चारत होता! म्हशीला नहरीचं वेळापत्रक पाठ झालेलं. मला राग यायला हवा होता, पण मी धुऱ्यावर बसून हसत सुटलो. नंतर नोटीस दिली ती दिलीच.

टेलवाल्यांसाठी माझीही एक युक्ती होती. महाशिवरात्रीला प्रतापगडला यात्रा भरते. सगळा मुलूख गड चढायला जातो, हेडवाले तर सहकुटुंब. नहरीवर चिटपाखरू नसतं. त्या दिवशी मी सकाळीच गेट मोठं करायचो आणि टेलपर्यंत नहर भरून वाहायची. टेलच्या शेवटच्या बांध्या मोतीरामच्या. तो यात्रेला कधी जात नसे. फावडं घेऊन धुऱ्यावर उभा राही आणि पाणी आलं की टोपी काढून मला हाक मारी, "आला गा तुझा महादेव!" मी बौद्ध माणूस. मी म्हणायचो, "जय भीम, मोतीराम भाऊ." तो म्हणायचा, "राम राम. पानी दोघांचंबी एकच हाय."

मोतीरामनं मला कधी शिवी दिली नाही, आणि नहरीच्या नोकरीत हे फार मोठं आहे. नवा तांदूळ निघाला की पहिली पायली माझ्या घरी यायची. मी नको म्हणायचो, तो ओसरीवर ठेवून चालता व्हायचा. लोकांना वाटायचं मी त्याच्यावर मेहेरबान आहे. खरं सांगायचं तर तो माझ्यावर मेहेरबान होता.

आता त्या वर्षाकडे येतो. दहा-अकरा वर्षं झाली असतील. पाऊस अर्धवट झाला. खरिपात टेलपर्यंत पाणी पोचलंच नाही, मोतीरामचे परे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यातच वाळले. तलावात जे साठलं त्यावर उन्हाळी धान किती करायचा, यावर ग्रामपंचायतीत बैठक झाली. मोतीराम कोपऱ्यात बसून होता. उठताना त्यानं मला एवढंच विचारलं, "नहरबाबू, चार बांध्या लावू का? घरात खाण्यापुरता धान होईन. नाई म्हणशीन त नाई लावत."

मी तक्ता काढला. आमच्याकडे एक छापील तक्ता असतो. गेटाशेजारी पाण्यात खांब असतो, त्यावर फुटांची पट्टी. पट्टीवर इतके फूट, तर तलावात इतकं पाणी, असा हिशेब त्या तक्त्यात मांडलेला. मी बोट फिरवलं आणि छाती पुढं काढून म्हणालो, "लाव. शेवटच्या पाण्यापर्यंत माझा शब्द." साहेबसुद्धा असा शब्द देत नाहीत. मी दिला.

एप्रिल संपत आला. धान दुधावर आला होता, म्हणजे ओंबीत दाणा भरायला लागला होता. या वेळी एक पाणी मिळालं की धान वाचला, नाही मिळालं की नुसती फोलकटं. पट्टीवर चार फूट दिसत होते. तक्ता म्हणत होता, सगळ्यांना एक-एक पाणी द्या, फूटभर उतरेल, तीन उरतील. दोन फुटांच्या खाली गेट उघडायचं नाही, ते पिण्याचं. म्हणजे सगळं बक्कळ.

गेट उघडायच्या आदल्या दिवशी शेवंताबाई भेटली. ढिवरटोल्यातली ही बाई पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं बदक उडेल. शिंगाडे काढण्यात, जाळं टाकण्यात तिचा जन्म गेलेला. मी पाळीवर उभा राहून वहीत आकडा लिहीत होतो आणि ती कमरेला पदर खोचून पाण्यात.

"किती लिवलं गा, बाबू?"

"चार फूट."

"चार? तुमची पट्टी गड्ड्यात उभी हाय. गेटातून पानी धावते, तिथली माती धुवून जाते, म्हनून तिथं चार. दहा पावलं आत या. माझ्या कमरेलेच पानी हाय. सारा गाळ भरला."

"तुला तुझ्या मासोळीची काळजी पडली," मी म्हणालो. मला तसंच वाटलं. नोकरीनं एक खोड लागते. जो बोलतो त्याला काय हवंय तेच आधी दिसतं, तो काय बोलतोय ते ऐकू येत नाही.

ती हसली. "मासोळीची त हायच. पन तुमी या ना आत. का बूट ओले होतीन?"

मी आत गेलो नाही. सांगायला लाज वाटते, पण इतकी वर्षं त्या तलावाचं पाणी मोजलं आणि एकदाही त्यात पाय घातला नव्हता. पाळीवरून पट्टी वाचायची, वहीत लिहायचं, सही करायची. बूट खात्याचे होते आणि मला त्यांचा अभिमान होता.

गेट उघडलं. पहिले तीन दिवस हेडवाल्यांचे. दुसऱ्या दिवशी मी पट्टी दोनदा वाचली. पाणी चार बोटं उतरायचं तिथं आठ बोटं उतरत होतं. मनाला समजावलं की ऊन कडक आहे, आटतंय. चौथ्या दिवशी पहाटेच मोतीरामची पाळी सुरू झाली. पट्टीवर अडीच फूट.

आठच्या सुमाराला शेवंताबाई पाळ चढून आली. डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा होता. तिनं तो माझ्या पुढ्यात उतरवला. आत पाणी नव्हतं, गेरूसारखा चिखल होता. तिचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"इहिरीतून काहाडला, बाबू. टोल्यातल्या बाया दोरी धरून उभ्या हायेत. हे पेवाचं का?"

मग ती वळली आणि पाण्यात उतरली. माझ्याकडे न बघता चालत राहिली. दहा पावलांवर गुडघा. वीस पावलांवर गुडघ्याच्या खाली. पन्नास पावलांवर ती उभी राहिली तेव्हा तिचे नुसते घोटे बुडाले होते. एवढा मोठा तलाव सकाळच्या उन्हात काठोकाठ चकाकत होता, आणि ही ठेंगणी बाई त्याच्या मध्यात रस्त्यावर उभं राहावं तशी उभी. बाप्पा रे!

मी साहेबांना फोन लावला. ते गोंदियाला होते. म्हणाले, "अरे, रजिस्टर में ढाई फीट है ना? दो फीट तक चलने दो. टेल वाले कंप्लेंट करेंगे." कागदानं बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं. अर्धा फूट अजून शिल्लक होताच. तो आकडा माझ्याच हातानं लिहिलेला होता.

मी फोन खिशात ठेवला. हँडल लावलं आणि गेट बंद केलं. पंचवीस-तीस फेरे असतात. प्रत्येक फेऱ्याला मला मोतीराम दिसत होता. पुरं आवळून झालं तेव्हा मी हँडलवर डोकं टेकवून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. शेवंताबाई पाण्यातून बघत होती.

मग हँडल कॅरिअरला बांधलं आणि टेलकडे निघालो. पाच किलोमीटर. गेट बंद झालं तरी नहरीतलं पाणी लगेच थांबत नाही, जे निघालं ते वाहत राहतं. त्या शेवटच्या पाण्याच्या सोबतीनं मी गाडी चालवत होतो. मला वाटत होतं, ह्या पाण्यानं माझ्याआधी पोचावं, निदान आणखी एक बांधी तरी भिजावी.

मोतीराम धुऱ्यावर होता. पहिली बांधी भरून दुसरीचं तोंड तो फावड्यानं उघडत होता. मला बघून त्याचा हात टोपीकडे गेला. मग त्याची नजर कॅरिअरवरच्या हँडलकडे गेली. हँडल गाडीवर म्हणजे गेट बंद, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. त्याचा हात तसाच खाली आला.

"बंद केली?"

"केली. टोल्याच्या विहिरीत चिखल आला, मोतीराम भाऊ. माझी चूक झाली. पट्टीवर विश्वास ठेवला."

तो बराच वेळ बांधीकडे बघत राहिला. ओंब्या वाकायला लागल्या होत्या. मी दाणा दाबून पाहिला असता तर दूध निघालं असतं, पण मला हात लावायचा धीर झाला नाही.

"हेडवाल्याइले भेटलं?"

"भेटलं."

"तू शब्द देला होता गा," तो म्हणाला. बस, एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या, फावडं उगारलं असतं, तर बरं झालं असतं. मी तिथून कसा आलो ते आठवत नाही.

एक बांधी पिकली. तीन फोलकटं होऊन वाळायला लागल्या, त्या त्यानं हिरव्या-पिवळ्या असतानाच कापून बैलांना टाकल्या. पुढं पावसाळ्यात एकदा मला तो बाजारात दिसला. जन्मभर धान पिकवलेला माणूस दुकानातून तांदळाची पिशवी घेऊन निघाला होता. मी "जय भीम" म्हणालो. त्यानं मान हलवली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मला दिसू नये अशी. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

टोल्याची विहीर मात्र टिकली. दोन दिवसांत गाळ बसला, वर हात-दोन हात नितळ पाणी राहिलं. बायांनी पाळ्या लावून, मोजून उपसलं आणि पाऊस येईपर्यंत ते पुरलं. आणखी अर्धा फूट गेला असता तर पुरलं नसतं, हे शेवंताबाईनं मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीची गोष्ट. सकाळी पट्टी वाचायला गेलो तर खांबावर अडीच फुटांच्या जागी लालभडक तेलरंगाची रेघ. मी भडकलो. सरकारी खांबावर रंग फासायची हिंमत कोणाची झाली? टोल्यात जाऊन आरडाओरडा केला. शेवंताबाई अंगणात जाळं शिवत होती. तिला हसूच आवरेना.

"मोतीरामनं काहाडली. मी पान्यात रंगाचा डबा धरून उभी होती. माझंबी नाव लिवा वहीत."

मी तसाच टेलला गेलो. मोतीराम वाळलेल्या बांधीत नांगर धरून होता. दीड महिन्यात आम्ही बोललो नव्हतो. मी विचारलं, "काऊन काढली रेघ?"

त्यानं बैल थांबवले. "त्या दिवशी तू जिथं दार लावलं, तिथं काहाडली. आता कोनीबी साहेब येवो, कोनी कोनाले शब्द देवो, पानी त्या रेघेवर आलं का दार उघडाचं नाई. माझ्या तीन बांध्या गेल्या, नहरबाबू. त्या फुकट नको जावाले."

त्या रेघेनं सगळ्यात जास्त कोणाचं पाणी अडणार होतं? टेलवाल्याचं. म्हणजे त्याचंच. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी रडलो. त्याच्या नांगरलेल्या ढेकळांवर बसून रडलो, आणि तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून दुसरीकडे बघत उभा राहिला.

"पन तुझा राग हाय माझ्या मनात," तो शेवटी म्हणाला. "जाईन हळू हळू. घाई नको करू."

गेला हळू हळू. दोन दिवाळ्या लागल्या. मग एका सकाळी ओसरीवर नव्या तांदळाची पायली होती आणि रस्त्यावर त्याची पाठ. तलावातला थोडा गाळ निघाला, लोकांनी बैलबंड्यांनी शेतात नेला. कुठं खणायचं ते शेवंताबाई पाण्यात उभी राहून दाखवायची. मी माझ्या वहीत पट्टीच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं आणखी एक आकडा लिहायला लागलो. शेवंताबाईचा गुडघा, कमर, घोटा. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं हे काय आहे, तर मी सांगितलं, दुसरी पट्टी. पण माझे बूट कोरडेच राहिले. ती होती ना आत जायला!

मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी शेवंताबाई वारली. मला उशिरा कळलं. जायला हवं होतं, गेलो नाही, ते राहिलंच.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला मोतीरामचा फोन आला. आता शेती त्याचा मुलगा बघतो. मोतीरामच्या डोळ्यांना फारसं दिसत नाही. "ये एक डाव," म्हणाला. मी मुलाला गाडी काढायला लावली.

पाळीवर तो काठी टेकून उभा होता. रेघ अजून होती. दरवर्षी तो रंगवायचा, यंदा हाताच्या अंदाजानं रंगवली म्हणून थोडी तिरपी आली होती. पाणी रेघेच्या वीतभर वर होतं. गावाला शेवटचं एक पाणी हवं होतं, पण नवा चौकीदारही रेघेच्या बाबतीत मोतीरामचाच शब्द मानायचा. टेलवाले मागे लागले होते, आणि त्यांत मोतीरामचा मुलगा पहिला होता. धान दुधावर आला होता.

"रेघेच्या वर हाय म्हन्तेत," मोतीराम म्हणाला. "पन रेघ जुनी झाली गा. इतक्या सालात गाळ पुन्हा भरला असन. शेवंता होती तवा तिले इचारत होतो. आता कोनाले इचारू?"

"मी काय सांगू? मी रिटायर माणूस."

"पट्टी नको वाचू. आत जा."

मी पाळीवर बसलो आणि बूट काढले. मोजेही काढले, पॅन्ट वर दुमडली. मुलगा गाडीतून ओरडला, "बाबा, घसराल!" मी उतरलो. तळ मऊ होता, बोटांच्या मधून गाळ वर येत होता, कोमट. पट्टीजवळ कमरेएवढं होतं. दहा पावलांवर गुडघ्यावर आलं. मी चालत राहिलो, ती चालली होती तसा, मागं न बघता. मला सारखं वाटत होतं की ती कुठून तरी हसून म्हणेल, झाले का बूट ओले? डोळे भरून आले होते, पण तिथं बघायला कोण होतं.

पन्नास पावलं मोजून थांबलो. पाणी माझ्या पोटरीच्या मध्यावर होतं. माझा गुडघा उंच. ती माझ्या खांद्याला लागायची.

"कुठवर हाय गा?" पाळीवरून मोतीरामची हाक आली.

मी वाकून हातानं चाचपलं. मग वळून ओरडलो, "शेवंताबाईच्या गुडघ्याएवढं. त्या वर्षीपेक्षा बरं आहे, पण एका पाण्याला पुरायचं नाही."

त्यानं काठी गेटाच्या लोखंडावर टेकवली.

"मंग दार लावलेलंच राहू दे," तो म्हणाला. "पोराले मी सांगतो."

मी परत काठाला आलो तेव्हा तो वाकून जमीन चाचपत होता. माझे बूट त्याला सापडले. ते दोन्ही हातांत धरून तो माझी वाट बघत उभा राहिला.